पाटाच्या वळणावर वाजणारी घंटी

टण्ण! ऐकलंत ना, मित्रांनो? ती मी. मी एक जुनी पितळी घंटी आहे. एके काळी बैलाच्या गळ्यात होते, आता एका आईच्या कमरेला असते. हे कसं घडलं ते सांगायलाच आज तोंड उघडलं आहे. मात्र आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव काळजीखोर आहे. वाजून इतरांना सावध करणं हेच जिचं काम, ती निवांत कशी असणार? सांगता सांगता मध्येच माझा आवाज कापला, तर समजून घ्या.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. वितळलेलं पितळ मातीच्या साच्यात ओतलं, ते निवलं, साचा फोडला आणि मी बाहेर आले. माझ्या पोटात एक लोखंडी लोळा अडकवला. तो लोळा म्हणजे माझी जीभ. ओतारी मला कानाशी धरून हलवायचा, नाक मुरडायचा आणि पुन्हा कानशीने घासायला बसायचा. एकदा मात्र त्याने मला हलवलं आणि तो नुसताच हसला. मग त्याने मला बाजूला ठेवलं आणि दुसरी घंटी हातात घेतली.

लोणीच्या जनावरांच्या बाजारात कोल्हारच्या रंगनाथांनी मला विकत घेतलं आणि हरण्या नावाच्या बैलाच्या गळ्यात बांधलं. हरण्या तापट होता, पण चालीला देखणा. त्याची मान हलली की मी वाजायचे. पोळ्याला मला चिंचेने घासून इतकं लख्ख करायचे की माझ्यात रंगनाथांच्या मिशा दिसायच्या.

रंगनाथांचं शेत प्रवरेच्या पाटापलीकडे, म्हणजे कालव्यापलीकडे होतं. संध्याकाळी गाडी घराकडे निघाली की पाटाच्या वळणावर एक खड्डा लागायचा. तिथे हरण्या हटकून मान झटकायचा आणि माझा आवाज घरापर्यंत जायचा. घरी रंगनाथांची बायको लंकाबाई चुलीपुढे बसलेल्या असायच्या. घंटी वळणावर वाजली की त्या भाकर तव्यावर टाकायच्या. रंगनाथ हातपाय धुऊन जेवायला बसेपर्यंत फुगलेली भाकर ताटात तयार. एवढ्या वर्षांत त्यांनी कधी घड्याळाकडे पाहिलं नाही. माझ्यावर त्यांचा असा भरवसा होता, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा फार अभिमान होता.

पुढे ट्रॅक्टर आला. हरण्या गेला. काही वर्षांनी रंगनाथही गेले. त्यांच्या मुलाने, आदिनाथने, गोठ्यात संकरित गायी आणल्या. त्या जागच्या जागी बांधलेल्या, त्यांना घंटीचं काय काम? मला गोठ्यातल्या एका खिळ्याला अडकवलं. माझ्यावर धूळ बसली, कोळ्याने जाळं विणलं, पितळ काळवंडलं. वारा सुटला तरच मी एखादा शब्द बोलायचे, तोही अर्धवट. मित्रांनो, निरुपयोगी होण्याचं दुःख मोठं असतंच, पण कुणी ऐकणारंच नसणं त्याहून जड जातं.

त्या खिळ्यावरूनच मी ज्ञानेश्वरीला पहिल्यांदा पाहिलं. ती आदिनाथची नवी नवरी. कॉलेजात असताना ती लांब पल्ल्याच्या शर्यती धावायची, विद्यापीठाच्या निवडीपर्यंत गेलेली, असं येणारे जाणारे बोलायचे. घरात तिने एक ट्रॉफीही आणली होती. लग्नानंतर त्या ट्रॉफीत कधी चमचे राहायचे, कधी उदबत्त्या. मग पूर्वा झाली. पूर्वा चार वर्षांची होते न होते तोच रविराज झाला. ज्ञानेश्वरी गोठ्यात यायची तेव्हा एक लेकरू कडेवर, एक पदराला. धार काढताना ती बसल्या जागी पेंगायची, आणि घरातून रडण्याचा बारीक आवाज आला की दचकून उठायची.

एका संध्याकाळी ती गोठ्यातच आदिनाथला म्हणाली, "मला परत पळायचंय. पदकाबिदकासाठी न्हाई. दिवसातनं एक तास असा पायजे, की कुनी मला हाक मारनार न्हाई."

आदिनाथ भला माणूस. दूध संकलनाचा टेम्पो घेऊन तो पहाटेच घराबाहेर पडतो. त्याने डोकं खाजवलं, जानेवारीत नगरला अर्धमॅरेथॉन आहे असं मोबाईलवर शोधून काढलं आणि तिचं नावही घालून टाकलं. लेकरांचं काय, हे मात्र त्याच्या डोक्यात आलंच नाही. ते लंकाबाईंच्या डोक्यात आलं. आणि त्याहून आधी त्यांच्या डोक्यात आला बिबट्या.

आमच्या भागात उसाचं रान म्हणजे बिबट्याचं घर. कुणाचं कुत्रं गेलं, कुणाची शेळी गेली, अशा बातम्या रोजच्या चहाबरोबर येतात. पहाटे रानात जायचं तर लोक मोबाईलवर मोठ्याने भजनं लावतात, काठी आपटत चालतात. सून एकटी पाटाच्या रस्त्याने पळणार म्हटल्यावर लंकाबाई तोंड वाकडं करून गोठ्यात आल्या, मला खिळ्यावरून काढलं आणि राखेने घासलं. किती वर्षांनी अंगावरून हात फिरला! मग नाडीत ओवून त्यांनी मला सुनेच्या कमरेला घट्ट बांधलं.

"पळायचंच आसंल तर ही बांधून पळ," त्या म्हणाल्या. "चाहूल लागली की जनावर आपसूक बाजूला हुतं. गुमान गेलीस तर दचकून अंगावर यील."

असं माझं दुसरं आयुष्य सुरू झालं. मला वाटलं होतं, ही बाई हरण्यासारखी झेपावेल. कसलं काय! पहिल्या दिवशी पाटाच्या वळणापर्यंत जाता जाताच तिला धाप लागली. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली तेव्हा तिची बोटं मला लागली. दोन बाळंतपणांनी शरीर तिला न विचारता बदललं होतं. पळताना पोटात ओढ बसायची, गुडघे बोलायचे. रविराज अंगावर पिणारा; वाटेतल्या एखाद्या घरातून दुसऱ्याच कुणाचं बाळ रडलं तरी हिचा सदरा ओला व्हायचा. आदिनाथचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि खाली ट्रॅक पँट, कमरेला मी. मोटारसायकलवरून दुधाचे कॅन नेणारे एक आजोबा तिच्याजवळ थांबले आणि काळजीने म्हणाले, एसटी चुकली का गं, बस मागं, सोडतो. त्या दिवशी ती हसत हसत घरी आली, आणि तेवढ्यासाठी मी आजोबांना मनातल्या मनात आशीर्वाद दिला.

हळूहळू तिचे पाय पूर्वीचं आठवू लागले. पण मन? तिला हवा होता हाक नसलेला तास, आणि त्या तासभर ती हाकच ऐकत असायची. रविराज उठला असेल का? पूर्वा जिन्यावर तर गेली नसेल? चुलीजवळ तर नाही ना? पळता पळता ती मध्येच मला मुठीत धरून गप्प करायची आणि घराच्या दिशेने कान लावायची. मीही तिच्यासोबत कान लावायचे. आम्हा दोघींचा स्वभाव एकसारखाच निघाला.

आणि घोटाळा माझ्यामुळेच होता. ती अंगणातून निघाली की मी वाजायचे. खिडकीलगतच रविराजचा पाळणा. त्याची झोप हलकी. घंटी वाजली की तो उठायचा, आई दिसली नाही की हंबरडा फोडायचा. आजीकडे तो राहतच नसे. एकदा ती घरी परतली तेव्हा लंकाबाई त्याला खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या मारत होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "लई रडला. रडून रडून निळा पडला."

ज्ञानेश्वरीने लेकराला छातीशी घेतलं आणि मान खाली घातली. सासूबाईंनी थांब म्हटलं नव्हतं, पण हिला तेच ऐकू आलं. हा असाच उठत राहिला तर आपलं पळणं बंद होणार, हे तिने मनाशी पक्कं धरलं. त्या दिवशी तिने रविराजच्या फाटक्या टोपड्याचा एक तुकडा घेतला, त्याचा बोळा केला आणि माझ्या पोटात कोंबला. माझी जीभ जागच्या जागी अडकली.

तेव्हापासून रोजची रीत ठरली. पहाटे ती बोळा घालायची, बूट हातात घेऊन मांजरीसारखी घराबाहेर पडायची, अंगणाबाहेर ते चढवायची. पाटाच्या वळणावर पोचली की बोळा काढून खिशात. तिथून पुढे मी मोकळी. वळणावरचा माझा आवाज घरापर्यंत पोचायचा तो विरळ होऊन, झोपलेल्या लेकराला उठवणार नाही इतका. लंकाबाईंच्या कानांना मात्र तो पुरायचा. अंगणात ही मला मुठीत धरत असेल असं त्यांना वाटायचं. बोळ्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. आणि मला ती रीत मुळीच आवडत नव्हती. घंटीच्या तोंडात बोळा! उद्या ही काढायला विसरली तर? रोज पहाटे मला तीच धास्ती.

डिसेंबरात वळणाजवळच्या शेतात ऊसतोड सुरू झाली. अर्धा फड उघडा पडला, अर्धा उभा. त्यात रविराजला दात येत होते. ज्ञानेश्वरीला पाठ टेकायला मिळत नव्हती. त्या सकाळी तिने डोळे चोळत चोळत बोळा घातला, बूट चढवले आणि धुक्यात पळत सुटली. वळण आलं. मी वाट पाहिली. तिचा हात काही माझ्याकडे आला नाही. वळण मागे पडलं.

मी जिवाच्या आकांताने हलत होते, मित्रांनो. पण नुसतं थप्प, थप्प. माझा आवाज तिच्या इतका सवयीचा झाला होता की तो नाही, हेही तिला कळलं नाही. उभ्या उसाच्या कडेने आम्ही दोघी मुक्याने गेलो. लांबचा टप्पा झाला, ती माघारी फिरली, आणि त्याच मुक्या चालीने वळणाजवळ आली.

वळणाच्या अलीकडे पाटाची चारी, म्हणजे पाण्याचा छोटा फाटा, फुटते. तिच्या काठावर बिबट्याची मादी बसली होती. दोन पिल्लं पाण्याशी खेळत होती. एखाद्या अंगणाची रुंदी असेल, एवढंच अंतर. ज्ञानेश्वरी थबकली. मादीने मान वळवली, कान मागे पाडले आणि जमिनीला चिकटली. तिच्या घशातून गुरगुर आली ती मला पितळातून जाणवली.

ज्ञानेश्वरीचा हात माझ्यावर आला. तिने मला जोरात हलवलं. थप्प. तेव्हा तिला कळलं. ती बोळा ओढू लागली, पण दवाने तो फुगून घट्ट बसला होता. पाठ फिरवून पळायचं नाही, हे इथल्या लेकरालाही ठाऊक आहे. ज्या पायांवर तिचा सगळा भरवसा, ते पाय आता हलवायचे नव्हते. ती उभी राहिली. मी तिच्या कमरेला मुकी लटकत राहिले. आयुष्यात मला माझ्या जिभेची इतकी गरज कधी भासली नव्हती.

आणि तेवढ्यात वळणापलीकडून आवाज आला. कुणीतरी ताट बडवत येत होतं. त्या बडवण्यातून एक रडणं ऐकू आलं, आणि ज्ञानेश्वरीचा सदरा ओला झाला. तो रविराज होता. त्यामागून पूर्वाची हाक आली, "मम्मी!"

लंकाबाई लेकरांना घेऊन याच रस्त्याने येत होत्या. मध्ये पिल्लांची मादी, एका बाजूला ज्ञानेश्वरी, दुसऱ्या बाजूला तिची दोन लेकरं, आणि धुक्यामुळे त्यांना पुढचं काहीच दिसत नव्हतं. ज्यात लेकरं नसतात असा एक तास मागायला ती या रस्त्यावर आली होती. मला वाटलं, आता माझं पितळ तडकणार.

मग ज्ञानेश्वरी ओरडली. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. रोज पहाटे चोरपावलांनी निघणाऱ्या त्या बाईने दोन्ही हात वर केले आणि पोटातून आरोळी दिली, "आई, तिथंच थांबा! पुढं येऊ नका! बिबट्या हाय!" आणि मग शब्द संपले तरी ती ओरडतच राहिली.

ताट क्षणभर थांबलं, आणि मग दुप्पट जोराने वाजायला लागलं. मादी उठली. तिने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे. एक पिल्लू तोंडात उचललं, दुसरं पायापायाशी घेतलं आणि ती उभ्या उसात शिरली. पाचोळा थोडा वेळ वाजत राहिला. तिलाही आपल्या लेकरांचीच पडली होती.

ज्ञानेश्वरी पळाली ती वळणापर्यंत. लंकाबाई अनवाणी उभ्या होत्या, कडेवर रविराज, हातात ताट आणि उलथनं. पूर्वाने त्यांचा पदर दोन्ही हातांनी धरला होता. ज्ञानेश्वरीने दोन्ही लेकरांना कवेत घेतलं आणि रस्त्यातच बसली. नंतर रडली.

घराच्या अंगणात आल्यावर लंकाबाईंनी विचारलं, घंटी का वाजली नाही. ज्ञानेश्वरीने हेअरपिनने बोळा उकरून काढला आणि त्यांच्या हातात ठेवला. आपल्याच हाताने शिवलेल्या टोपड्याचं कापड लंकाबाईंनी ओळखलं. त्या खाली बसल्या.

"वळनावर वाजायची वाट बघत बसले," त्या म्हणाल्या. "कान तिकडं, तव्यावरची भाकर करपली तरी कळलं न्हाई. ह्यो उठला, मग दोघांना घेतलं आन निघाले. घरात एकटी कशी ठिवू?"

ज्ञानेश्वरी पुटपुटली की तो रडतो म्हणून बोळा घालत होते. तुम्हाला त्रास नको, आणि माझं पळणंही बंद व्हायला नको.

"लेकरू रडलं हे तुला सांगितलं," लंकाबाई म्हणाल्या. "पळू नको म्हनले का कधी? रडू दे की त्याला. मी हाय ना घरात. रडंल, दमंल, मांडीवर झोपंल. पन तू अशी मुकी जाऊ नको, पोरी. मुकी गेलीस तर मी कान कुठं लावू?"

दुपारी आदिनाथ आला. गावात बातमी पोचलीच होती. तो घाबरला होता, म्हणून चिडला होता. बास झालं आता ते पळणं, असं म्हणाला. लंकाबाईंनी शांतपणे विचारलं, "तू रोज पहाटं त्याच रस्त्यानं टेम्पो नेतूस. तुला कुनी बास म्हनलं का?" तो गोठ्यात गेला आणि त्याने गायींना वैरण टाकली. मग परत येऊन म्हणाला, ऊस तुटेपर्यंत पाटाचा रस्ता बंद, शाळेच्या मैदानावर पळ. आणि रविवारी मी टेम्पो दुसऱ्याकडे देतो, लेकरं माझ्याकडे.

आता ती मला दारातच बांधते आणि मी पहिल्या पावलालाच वाजते. रविराज उठतो. कधी रडतो, कधी आजीच्या खांद्यावरून नुसता बघतो. अलीकडे माझ्याकडे बोट दाखवून तो "टण" म्हणतो. पूर्वाने तो बोळा धुऊन तिच्या बाहुलीचं टोपडं केलं आहे. परवा शेवटचा फड तुटला, आणि आजपासून आम्ही पुन्हा पाटाच्या रस्त्याला लागलो. नगरची शर्यत आठवड्यावर आली आहे. ती पुरी होईल की नाही, मला ठाऊक नाही. माझी काळजीही गेलेली नाही. पाचोळा वाजला की अजून माझी जीभ थरथरते.

मित्रांनो, मला दर पोळ्याला चिंचेने घासा असं माझं मागणं नाही. थोडं काळवंडलेलं पितळही चांगलं वाजतं. एकच सांगायचं आहे. तुमच्याही घरात एखादी आई पहाटे चपला हातात घेऊन, श्वास रोखून दाराबाहेर पडत असेल. डोळे किलकिले करून तिच्याकडे बघा आणि तिला सांगा, चपला पायात घाल गं, आम्ही जागे आहोत. वाटलं तर थोडं रडा. पण तिला मुकी पाठवू नका.

हं, खड्डा आला. वळण आलं. टण्ण! घरी लंकाबाईंनी भाकर तव्यावर टाकली असेल.